नंबरांच्या बोटी

कल्याणला दुर्गाडीजवळ, खाडीच्या कडेला ठेवायला म्हणून नौदलातून निवृत्त झालेली एक बोट आणली आहे. तिला नाव नाही. टी-80, एवढंच. इस्रायली बनावटीची, पंचवीस मीटर लांबीची, उथळ पाण्यातही सुसाट धावणारी ही गस्ती बोट 1998 साली नौदलात दाखल झाली आणि नोकरी संपल्यावर 2024 साली खाडीतूनच कल्याणला आली. विक्रांत, विराट, खुकरी... मोठ्या जहाजांना नावं असतात, बोधचिन्हं असतात, त्यांच्यावर पुस्तकं निघतात. लहान बोटीच्या वाट्याला एक अक्षर आणि एक आकडा. ते पांढरे ठळक आकडे पाहिल्यापासून ही गोष्ट काही केल्या डोक्यातून जात नाही.

डोंबिवलीतल्या आमच्या ओळखीच्या एक काकू अशाच एका आकड्याच्या मागे आहेत. त्यांचे वडील, आप्पा, दुसऱ्या महायुद्धात ‘नेव्हीत होते’. घरात एवढंच माहीत. कोणत्या बोटीवर, कुठे, काय केलं, हे आप्पांनी कधी सांगितलं नाही आणि कुणी खोदून विचारलंही नाही. जयगड खाडीकाठच्या घरातून ते एकोणिसाव्या वर्षी भरती व्हायला मुंबईला आले. युद्ध संपलं तशी नोकरीही संपली, मग गिरणी, मग डोंबिवलीची चाळ. कपाटातल्या डब्यात उरल्या त्या दोन वस्तू, एक पदक आणि एक फोटो.

फोटो स्टुडिओतला. मागे रंगवलेल्या पडद्यावर महिरप आणि कारंजं, पुढे नौसैनिकाच्या गणवेशातली दोन पोरं. डावीकडचे आप्पा. कॉलर नीट इस्त्रीची, हात मात्र कुठे ठेवावेत ते न कळून मांडीला चिकटलेले. टोपीच्या काळ्या फितीवर इंग्रजी अक्षरं आहेत, भिंगातून पाहिलं की लागतात: एच. एम. आय. एस. पुढे काही नाही. एरवी तिथे जहाजाचं नाव असतं. युद्धाच्या दिवसांत ते काढून टाकत, बंदरातल्या गर्दीत कुठलं जहाज आलंय हे फितीवरून कुणाला कळू नये म्हणून. काकूंना हे कळलं तेव्हा त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे लपवायची सवय त्यांना तिथूनच लागली.”

पदक सहा टोकांच्या ताऱ्याचं. त्याच्या फितीला मधोमध लाल पट्टा, दोन्हीकडे गडद निळा आणि त्या निळ्यात एकेक नारिंगी रेघ. हा बर्मा स्टार. तो असला की एक गोष्ट पक्की होते: माणूस मुंबईच्या गोदीत बसून राहिलेला नाही, बर्माच्या बाजूला गेला होता.

रॉयल इंडियन नेव्हीच्या लहान बोटी तिकडे आराकानच्या किनाऱ्यावर होत्या. मोटर लाँच म्हणत त्यांना. लाकडी, हलक्या, प्रत्येकीला फक्त नंबर. पंचावन्नाव्या आणि छप्पन्नाव्या फ्लोटिलातल्या, म्हणजे ताफ्यातल्या, बोटी तिथल्या खाड्यांमध्ये रात्रीच्या शिरायच्या, जपान्यांची रसद नेणारे पडाव अडवायच्या. आराकानचा नकाशा उघडून पाहावा. खाडीला खाडी फुटलेली, कडेनं कांदळवन, ओहोटीला उघडा पडणारा चिखल. जानेवारी 1945 मध्ये ह्या चिखलातूनच सैन्य उतरवलं गेलं, 12 तारखेला म्येबॉनला, 22 तारखेला कांगॉला. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या लिखाणात ह्या प्रदेशाबद्दल किळस आणि धास्ती दोन्ही आहेत. पण जयगडच्या, दाभोळच्या, जैतापूरच्या पोरांना त्यात नवं काय असणार? भरती कधी लागते, रेती कुठे साचते, अंधारात पाणी कुठल्या अंगानं वळतं, हे त्यांना चालायला लागल्यापासून ठाऊक. आप्पा म्हातारपणी युद्धाबद्दल एकच वाक्य बोलत, “भरतीची वेळ चुकली की बोट रुतायची.” घरच्यांना वाटे, गावाकडचं काहीतरी सांगताहेत.

इतिहासाची जाड पुस्तकं आहेत. कॉलिन्सनं लिहिलेला ह्या नौदलाचा अधिकृत इतिहास 1964 साली निघाला. त्यात फ्लोटिला सापडतात, तारखा सापडतात, अधिकाऱ्यांची नावं सापडतात. खलाशी सापडत नाही. तो सापडतो मेल्यावर. मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये समुद्रात हरवलेल्यांच्या नावांचं एक पुस्तक आहे. चारशेच्या आसपास नौदलाचे, सहा हजारांच्या जवळपास व्यापारी जहाजांवरचे. त्याचीच दुसरी प्रत चितगावच्या युद्धस्मशानात आहे. एकच यादी आता दोन देशांत. जिवंत परत आलेल्या माणसासाठी मात्र मानखुर्दला नौसैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला अर्ज करा, सर्व्हिस नंबर लिहा. सर्व्हिस नंबर माहीत नसेल तर मुळात अडतं तिथेच. बोटीला नंबर, माणसालाही नंबर, आणि घरच्यांजवळ नेमका तोच नाही.

काकूंना तो एका जुन्या मनीऑर्डरच्या कूपनवर सापडला. पाठवणाऱ्याच्या रकान्यात आप्पांनी वळणदार अक्षरात लिहिलेला. पत्ता ठाण्याचा: एच.एम.आय.एस. अकबर.

हे जहाज नव्हे. ठाण्यात कोलशेतला नौदलाचा मोठा तळ होता, त्याचं हे नाव. आज कोलशेत रोडवर उभे असलेले टॉवर, त्याआधीचे रासायनिक कारखाने, ह्या सगळ्याच्या आधी तिथे हजारोंनी नौसैनिक राहत होते. 18 फेब्रुवारी 1946 ला कुलाब्याच्या ‘तलवार’वर नाविकांनी काम बंद केलं आणि ते लोण ज्या तळांवर पोचलं, त्यांत ‘अकबर’ही होता. 23 तारखेला उठाव मिटला. कित्येकांना काढून टाकलं आणि स्वातंत्र्यानंतरही परत घेतलं नाही. सरकारनं त्यांना स्वातंत्र्यसैनिक मानायला पुढे कित्येक वर्षं गेली. आप्पांची नोकरी सुटली तीही 1946 साली. कूपनावरचा शिक्का त्याच वर्षीचा आहे, महिना पुसलाय. उठावाचं स्मारक कुलाब्याला आहे, ते हवंच. पण कोलशेतला एक साधा फलकही असायला हवा असं मला मनापासून वाटतं. ठाण्याला तलाव आणि पहिली रेल्वे आठवते, हे नौसैनिकही त्याच शहराचे होते.

लहान बोटींना नावं नसतात असं म्हटलं खरं, पण काहींना असतात, आणि त्यांतलं एक तर आपल्या शेजारचं. आयएनएस पनवेल. सोव्हिएत बनावटीची, पोलुचात जातीची. ह्या जातीच्या बोटी मूळ सरावात सोडलेले टॉर्पेडो पाण्यातून परत गोळा करण्यासाठी बनवलेल्या. बांगलादेश युद्धात, डिसेंबर 1971 मध्ये, ही बोट सुंदरबनात होती. बरोबर ‘पद्मा’ आणि ‘पलाश’, कलकत्ता बंदराच्या जुन्या बोटींवर बोफोर्स तोफा बसवून केलेल्या दोन गनबोटी. त्यांच्यावर पाकिस्तानी नौदल सोडून आलेले बंगाली खलाशी आणि आपले नौसैनिक. साऱ्या तुकडीची सूत्रं एका मराठी माणसाकडे होती: कमांडर मोहन नारायण सामंत. पाणबुडीवर आयुष्य घालवलेला अधिकारी, ‘करंज’चा पहिला कप्तान, आणि आता नदीच्या गढूळ पाण्यात तीन लहान बोटी घेऊन निघालेला.

10 डिसेंबरला मोंगला बंदर घेतलं आणि तुकडी खुलन्याकडे वळली. दुपारच्या सुमारास आकाशात विमानं दिसली. आपलीच होती, नॅट. ओळख पटावी म्हणून बोटींवर पिवळी खूण केलेली होती. तरीही विमानं खाली आली. पद्मा पेटली, मग पलाश. पलाशच्या इंजिनरूममधल्या रुहुल अमीनांनी बोट सोडायला नकार दिला. ते गेले, आणि आज बांगलादेशाच्या सात वीरश्रेष्ठांत त्यांचं नाव आहे. चिमन सिंग नावाचा आपला खलाशी जखमी होऊन पाण्यात पडला. किनाऱ्यावरून गोळ्या येत होत्या. बाकीच्यांना निसटता यावं म्हणून त्यानं त्या स्वतःवर ओढून घेतल्या, पकडला गेला, युद्ध संपल्यावर सुटला. महावीर चक्र मिळवणारा तो पहिला खलाशी. आणि पनवेल वाचली. लेफ्टनंट कमांडर नरोन्हांनी ती बुडणाऱ्यांपर्यंत नेली, माणसं वर घेतली. सामंतांना आणि त्यांनाही महावीर चक्र मिळालं. सामंतांनी ही हकीकत पुस्तकरूपानं सांगितली ती 2019 साली, आणि त्याच वर्षी ते गेले. एवढी वर्षं ही मोहीम फारशी कुणाला माहीत नव्हती. तोवर पद्मा-पलाशवरच्या खलाशांच्या घरी तरी काय सांगितलं जात असेल? ‘नेव्हीत होते’, एवढंच ना?

पनवेलच्या एसटी स्टँडवर उभ्या असलेल्या कुणाला ह्यातलं काही माहीत असेल असं वाटत नाही. असायला हवं. शिवरायांनी कल्याण घेतलं ते 1657 साली, आणि इथल्या खाडीत जहाजबांधणी सुरू झाली, हे आपण अभिमानानं सांगतो. ते आरमारही मुख्यतः लहान बोटींचं होतं. 1679 साली खांदेरीला इंग्रजांची मोठी जहाजं वेढा घालून बसली असताना मायनाक भंडाऱ्याची गलबतं रात्रीच्या अंधारात, उथळ पाण्यातून, त्यांना चुकवून बेटावर रसद नेत होती. मायनाकाचं नाव राहिलं. गलबतांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, वल्हवणाऱ्यांची तर नाहीतच.

काकूंनी आता आप्पांच्या बोटीचा नंबर शोधणं जरा बाजूला ठेवलंय. अर्ज गेलाय, उत्तर येईल तेव्हा येईल. त्यांचं लक्ष फोटोतल्या उजवीकडच्या पोरावर आहे. आप्पांपेक्षा बुटका, ओठांवर जेमतेम मिसरूड. हा कोण, हे घरात कुणालाच सांगता येत नाही. फोटोच्या पाठीमागे पुसट शाईत फक्त गावाचं नाव आहे: हर्णै. त्या काळी ह्या नौदलात रत्नागिरीकडचे मुसलमान खूप होते, पंजाबी होते, बंगाली होते. सत्तेचाळीसला जहाजं वाटली गेली तशी माणसंही वाटली गेली. हा हर्णैला राहिला की कराचीला गेला?

“त्याच्या घरच्यांकडे हा फोटो नसला तर?” काकू म्हणतात. त्यांनी फोटोच्या तीन मोठ्या प्रती काढून घेतल्या आहेत, आराकानच्या नकाशाची झेरॉक्सही जोडली आहे. मे महिन्यात नातू मोकळा असेल तेव्हा हर्णैच्या बंदरावर जायचं, मासळीच्या लिलावाच्या वेळेला सगळे म्हातारे तिथे असतात, त्यांना दाखवायचं, असं ठरलंय. मीही येतो म्हणून सांगितलं आहे.