आजोबांचा पूर्वार्ध

इंदूरच्या हिंदी दैनिकांत शवयात्रेच्या आणि उठावन्याच्या, म्हणजे शोकसभेच्या, सूचना रोज छापून येतात. गावात मराठी घरं पुष्कळ, त्यामुळे मराठी आडनावंही त्यांत नेमाने दिसतात. मजकूर ठरलेला असतो. अमक्यांचे वडील, तमक्यांचे काका, या या मुलांचे आजोबा. राहणार विजय नगर, स्कीम नंबर ५४. शवयात्रा इतक्या वाजता निवासस्थानाहून. चार ओळींत माणूस नात्यांनी गच्च भरलेला असतो. तो कोणाकोणाचा होता ते सगळं कळतं. आयुष्यभर त्याने काय केलं ते मात्र कळत नाही. प्रसंग दुःखाचा आणि जागा मोजकी, हे मान्यच. पण वर्षभराने पुण्यस्मरण होतं, तेव्हा बोलायला भरपूर वेळ असूनही हीच उणीव पुन्हा जाणवते. तिथले आजोबा प्रेमळ असतात, शिस्तीचे असतात, संध्याकाळी नातवंडांना मेघदूत उपवनात फिरायला नेणारे असतात. यातलं काहीही खोटं नसतं, फक्त ते सगळं उत्तरार्धातलं असतं. माझं म्हणणं असं की आजोबांवरचं प्रेम पुरं व्हायला त्यांचा पूर्वार्ध शोधावा लागतो, आणि तो शोधणं हे नातवंडांचं कामच आहे.

नातवंडाला आजोबा भेटतात तेव्हा त्यांची मोठी कामं, मोठी भांडणं, मोठ्या भीती बहुतेक मागे पडलेल्या असतात. इंदुरात १९३०च्या सुमारास जन्मलेला कोणीही माणूस घ्या. तो होळकर संस्थानाची प्रजा म्हणून जन्मला, १९४८ मध्ये मध्य भारताचा रहिवासी झाला आणि १ नोव्हेंबर १९५६ पासून मध्य प्रदेशचा. घर न सोडता त्याने तीन राज्यं पाहिली. त्याच्या तरुणपणी आजचं विजय नगर नव्हतंच. विकास प्राधिकरणाने जमिनी घेऊन, आकडे टाकून, योजनेमागून योजना आखल्या, त्यांतून ही वस्ती उभी राहिली. ५४, ७४, ७८ हे आकडे पत्त्यांत अजून चिकटून आहेत. नातवाला तिथलं घर म्हणजे आजोबांचं कायमचं ठिकाण वाटतं. आजोबांच्या लेखी ते शेवटचं होतं. त्याआधी राजवाड्याच्या आसपासचे वाडे, भाड्याच्या खोल्या, सरकारी क्वार्टर असं बरंच काही होऊन गेलेलं असू शकतं. श्राद्धात तीन पिढ्यांची नावं घेतात: वडील वसुरूप, आजोबा रुद्ररूप, पणजोबा आदित्यरूप. खिशातून लिमलेटच्या गोळ्या काढून देणाऱ्या म्हाताऱ्याला त्या विधीने रुद्राचं रूप द्यावं, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. नातवाने कधी न पाहिलेलं तेज त्या माणसात होतं, असं तो विधी सुचवतो. आणि तो मुदतही घालतो, कारण चौथ्या पिढीला पिंड मिळत नाही.

विजय नगरच्या चौकातून आग्रा-मुंबई रस्त्याने उत्तरेला निघालं की देवास नाका लागतो आणि पुढे देवास. तिथे माताजीच्या टेकडीच्या पायथ्याशी ‘भानुकुल’ हे गवई कुमार गंधर्वांचं घर आहे. त्यांचा जन्म ८ एप्रिल १९२४चा, बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा. लहान वयात मैफली गाजवलेला, मुंबईला देवधर मास्तरांकडे शिकलेला हा गवई १९४८ मध्ये क्षयाने खंगून देवासला आला, तो माळव्याची कोरडी हवा मानवेल या आशेने. गाणं बंद झालं ते पाच-सहा वर्षं. पत्नी भानुमतीबाई शुश्रूषा करत होत्या, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या कुमारांच्या कानांवर माळव्यातल्या बायकांची गाणी आणि नाथपंथी जोग्यांची भजनं पडत होती. ज्याला गायची मनाई आहे असा गवई त्या काळात ऐकत राहिला. पुढे त्या धुना त्यांनी जमवल्या, लिहून काढल्या, त्यांच्यातून राग कसा उगवतो याचा विचार केला. लगनगांधार, मालवती असे धुनउगम राग आले. १९६५ मध्ये ‘अनूपरागविलास’ हे पुस्तक आलं. त्यांच्या छोट्या, झेपावणाऱ्या स्वरवाक्यांचं श्रेय नुसतं दुबळ्या झालेल्या फुप्फुसाला देणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. आजाराने श्वास तोकडा होईल, पण त्याने विचार येत नाही. विचार त्या ऐकण्यातून आला. १२ जानेवारी १९९२ रोजी कुमार गेले. आज त्यांचे नातू भुवनेश कोमकली गातात. त्यांच्यापाशी आजोबांची ध्वनिमुद्रणं आहेत, बंदिशी आहेत. पण त्या पाच-सहा वर्षांचं ध्वनिमुद्रण कुठेच नाही, असूही शकत नाही, आणि नंतरचं सगळं गाणं तर त्याच वर्षांवर उभं आहे. जो काळ कोणाला ऐकू आला नाही तो समजून घेतल्याशिवाय या आजोबांचा वारसा हाती येत नाही. इतक्या नोंदी मागे ठेवून गेलेल्या माणसाच्या बाबतीत हे खरं असेल, तर इतरांच्या बाबतीत ते अधिकच खरं आहे.

यावर कोणी म्हणेल की कुमारांची गोष्ट निराळी, साध्या माणसाच्या पूर्वार्धाचा पुरावा कुठून आणायचा? पुरावा असतो, तो मागितला जात नाही एवढंच. विजय नगरहून शहराकडे वळलं की फार लांब न जाता मालवा मिल, परदेशीपुरा हा जुना गिरणी भाग लागतो. तिथली हुकुमचंद मिल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली आणि कामगारांची देणी तीन दशकं अडकली. सुमारे २२४ कोटी रुपयांचा तो प्रश्न सुटला २५ डिसेंबर २०२३ला. तोवर कित्येक कामगार जग सोडून गेले होते, म्हणून त्यांच्या वारसांना कागद घेऊन उभं राहावं लागलं. त्या कागदांत एक आयुष्य असतं. तो माणूस कताईत होता की विणाईत, कुठल्या पाळीला जात होता, किती वर्षांची नोकरी, किती थकबाकी. नातवंडांच्या हाती रक्कम आली तशी ही माहितीही आली. रक्कम खर्च होईल, माहिती जपायची की नाही ते त्यांनी ठरवायचं आहे. गिरणी नसेल तर सर्व्हिस बुक असतं, भूखंडाचं वाटपपत्र असतं, जुनी पासबुकं असतात. आणि कागदांच्या आधी आजोबांच्या बरोबरीची, अजून हयात असलेली माणसं असतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. खोदायला गेलं तर नको ते निघेल: कर्ज, मोडलेला शब्द, भावाशी तोडलेलं नातं, घरातल्यांवर केलेला अन्याय. मग जिव्हाळ्याची मूर्ती कशाला भंगवायची? माझं उत्तर असं की मूर्तीवर भक्ती करता येते. प्रेम करायला माणूस लागतो. ज्याच्या चुका ठाऊक आहेत आणि तरीही जो आपला वाटतो, त्याच्याविषयीचं प्रेम कुठल्याही नव्या माहितीला घाबरत नाही. उलट, नुसत्या गुणांची यादी कोणत्याही आजोबांना लावता येते, आणि म्हणूनच ती आपल्या आजोबांना पुसून टाकते. आपल्यासाठी इतके हळवे झालेले आजोबा आपल्या वडिलांशी कठोर का होते, हा प्रश्न विचारणं म्हणजे कृतघ्नपणा नाही. म्हातारपणीचा तो हळवेपणा त्यांनी कसा कमावला, हे त्याच प्रश्नातून कळतं.

मात्र या शोधात एक अडचण आहे आणि ती मला आक्षेपांपेक्षा मोठी वाटते. भुवनेश यांना आजोबांचं गाणं मिळालं ते मुख्यतः आजीकडून, कुमारांच्या दुसऱ्या पत्नी वसुंधराबाईंकडून. त्या जमशेदपूरच्या, वाढल्या कोलकात्यात, स्वतः श्रेष्ठ गायिका. २००६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, म्हणजे त्यांच्या पूर्वार्धाची नोंद आहे. विजय नगरमधल्या बहुतेक आज्यांची नाही. माहेर सोडून परमुलखात आलेल्या, बाजारात हिंदी आणि घरात मराठी सांभाळणाऱ्या, एका पगारात सहा माणसांचा महिना बसवणाऱ्या या बायकांच्या कष्टाचं सर्व्हिस बुक कुठल्याच कचेरीत सापडणार नाही. आजोबांचा भूतकाळ विचारायला नातवंडं त्यांच्याकडेच जातात आणि त्यांना केवळ साक्षीदार समजतात. आजोबा गेल्यावर आजी मागे असेल, तर पहिला प्रश्न आजोबांविषयी विचारू नये. तिच्याविषयीच विचारावा, आणि तिचं उत्तर लिहून ठेवावं, कारण त्याची दुसरी प्रत कुठेही नाही.