चाक थांबते तिथे चूल पेटते
(कर्जत-खालापूरच्या वाटेवरील खानावळी)

नोकरीनिमित्त गावोगाव फिरणाऱ्या माणसाला दोन पत्ते तोंडपाठ असावे लागतात. एक कचेरीचा आणि दुसरा खानावळीचा. आम्ही कारकून माणसे. हिशेबाच्या वह्या तपासायला कर्जत आणि खालापूर तालुक्यांत आमच्या वर्षानुवर्षे खेपा चालू आहेत. कडाव, कशेळे, चौक, वावोशी, खोपोली ही गावे आम्ही वह्यांवरून जितकी ओळखतो, तितकीच तिथल्या चुलींवरूनही ओळखतो. भत्ता तुटपुंजा आणि पहाटे भरलेला डबा दुपारपर्यंत विटलेला, मग बाकड्याचाच आधार.

या भागातील खाण्याच्या जागा पाहिल्या की एक गोष्ट ध्यानात येते. जिथे चाक थांबते तिथे चूल पेटते. कर्जत स्टेशनचेच घ्या. भोर घाटाचा रेल्वेमार्ग १८६३ साली सुरू झाला. सदतीस फूट पुढे गेले की एक फूट वर, असा तो खडा चढ आहे. म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडू लागले. इंजिन जोडायला लागणारी ती चार-पाच मिनिटे, हीच कर्जतच्या बटाटेवड्याची बाजारपेठ. दिवाडकरांचा वडा प्रवाशांच्या कित्येक पिढ्यांना ठाऊक झाला तो त्या थांब्यामुळे. खिडकीतून पैसे जात, खिडकीतून कागदात बांधलेला गरम वडा येत असे.

खोपोलीचेही तेच. घाट पुरा होण्याआधी, १८५६ पासून आगगाडी खोपोलीपर्यंत येत असे. पुढे प्रवाशाला पालखी नाहीतर तट्टू करून खंडाळा चढावा लागे. पुढे मोटारी आल्या, तरी घाटाच्या पायथ्याशी थांबणे चुकले नाही. ट्रकवाले इंजिन निववायला, पाणी भरायला थांबत आणि तेवढ्यात पोटातही काही घालत. खोपोलीच्या रमाकांत वडापावचे नाव जुन्या हमरस्त्याने जाणाऱ्यांच्या तोंडी असते, ते याच वाटेच्या पुण्याईने.

२००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाला आणि चाके थांबायची जागा बदलली. गाड्या आता टोलनाक्यावर थांबतात आणि मोठाल्या फूड मॉलमध्ये शिरतात. तिथल्या एका कॉफीच्या पैशात चौकच्या बाजूला माणूस पोटभर जेवतो. जुन्या रस्त्यावरची काही हॉटेले बंद पडली. जी तगली ती दुचाकीवाल्यांच्या जिवावर, कारण द्रुतगती मार्गावर दुचाकीला मज्जाव आहे, आणि एस.टी.चे प्रवासी, कारखान्यांतील कामगार व आमच्यासारखे कारकून यांच्यावर.

आमच्या मनात खरी घर करून राहिलेली जागा मात्र कशेळ्याच्या बाजूची. पाटी नाही, पत्र्याचे छप्पर, तीन बाकडी. चालवणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणतात. तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, सुकटीची चटणी आणि भात. हा भाताचा मुलूख. कर्जतच्या संशोधन केंद्राने काढलेली ‘कर्जत-३’, ‘कर्जत-१८४’ ही भाताची वाणे दूरदूरचे शेतकरी लावतात. पाऊस सुरू होताना मावशींकडे शेवळ्याची भाजी मिळते. ही रानभाजी घशाला खाजरी. काकडाची आंबट फळे घातल्याशिवाय ती खाता येत नाही. शेवळे आणि काकडे, दोन्ही रानातून आणतात त्या ठाकर, कातकरी बाया.

एका दुपारी आम्ही जेवत असताना अशीच एक बाई पाटी घेऊन दाराशी आली. मावशींनी भाजी घेतली, पैसे दिले आणि म्हणाल्या, “आत ये गं, भाकरी टाकते.” ती बाई आली आणि आमच्या समोरच्या बाकड्यावर बसली. तेच ताट, तोच पेला. कोणी मान वर करून पाहिले नाही. वाचकहो, यात सांगण्यासारखे काय, असे तुम्हाला वाटेल. पण आमचे आजोबा बाजाराला जात तेव्हा हॉटेलाच्या बाहेर त्यांच्यासाठी कान तुटलेली कपबशी वेगळी ठेवलेली असे. चहाचे पैसे पुरे द्यायचे, उकिडवे बसून प्यायचे आणि बशी आपणच विसळून ठेवायची. पैसा चालत होता, माणूस चालत नव्हता.

याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पुढे संविधानाच्या कलम १५ मध्ये दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांचा नाव घेऊन उल्लेख झाला आणि तिथे जातीवरून कोणालाही अडवता येणार नाही असे लिहिले गेले. १९५५ साली त्यासाठी शिक्षेचा कायदाही आला. देशाच्या राज्यघटनेत हॉटेलाचे नाव का यावे, याचे उत्तर त्या फुटक्या कपबशीत आहे.

आजही आम्ही दोन प्रकारची हॉटेले पाहतो. एक भूक विचारणारी, दुसरी आडनाव विचारणारी. “साहेब कुठले? आडनाव काय?” असा प्रश्न गोड आवाजात येतो, आणि उत्तर ऐकून पाण्याचा तांब्या जरा लांब ठेवला जातो. अशा ठिकाणी आम्ही आडनाव मोठ्याने सांगतो, जेवण पुरते जेवतो, पावती मागून घेतो आणि वर ‘जय भीम’ करून निघतो. भांडण नाही, पण माघारही नाही.

राहता राहिले परमिट रूमचे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने पिणाऱ्याला परवाना लागतो, त्यावरून हे नाव पडले. फार्महाऊस वाढले तशा कर्जतच्या रस्त्यावर या पाट्याही वाढल्या. यांतल्या एक-दोन ठिकाणी माशाचे कालवण फार चांगले असते, हे खरे. पंचशील घेतलेल्या आम्हांला तिथल्या बाटलीशी देणेघेणे नाही. पण रोजंदारीचा पोरगा दिवसाची कमाई तिथेच ठेवून उठताना पाहिला की घास फिरतो. शिवाय सोबत महिला सहकारी असतील तर त्यांना तिथे निवांत बसता येत नाही. ज्या खानावळीत कचेरीतल्या ताई एकट्या जाऊन जेवू शकतात, तीच आम्ही चांगली खानावळ समजतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलाबाळांना घेऊन या भागात जरूर या. कोंडाणे येथील प्राचीन बौद्ध लेणी पाहा. तिथल्या शिलालेखात कोरणाऱ्या बालकाचे नाव दोन हजार वर्षे टिकून आहे. येताना फूड मॉलऐवजी जुन्या रस्त्याने या आणि पत्र्याखालच्या एखाद्या मावशीकडे जेवा. दाराशी रानभाजीवाली आली, तर ती बाहेर बसते की आत, एवढे मुलांना पाहायला सांगा.