काचेच्या पेटींतील समुद्र व त्यांतील कीड

आमचें विंचूर गांव समुद्रापासून सरळ रेषेंत सुमारें दीडशें किलोमीटर दूर, आणि मध्यें सह्याद्रि आडवा. आम्हां शेतकऱ्यांचा पाण्याशीं संबंध म्हणजे विहीर, पाट व पाऊस ह्या तिघांशींच. पोंवळें म्हणून जी वस्तु, ती मीं सोनाराच्या पेढीवर अंगठींत बसविलेली तेवढी पाहिली होती. तें एका प्राण्याच्या वसाहतीचें हाड आहे, असें कोणी सांगितलें असतें तर मीं तें हसण्यावारी नेलें असतें. अशा मनुष्यास वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीं प्रवाळांवरील किडीशीं झुंजावें लागलें, ती हकीकत विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस मनोरंजक वाटेल असें समजून लिहीत आहें.

गेल्या हिवाळ्यांत मी अमेरिकेंतील न्यू जर्सी संस्थानांत माझ्या मुलीकडे पांच महिने राहिलों. तिचा मुलगा चौदा वर्षांचा. त्याच्या खोलींत भिंतीलगत सुमारें ३४० लिटर पाणी मावेल एवढी काचेची पेटी आहे. तींत दर लिटरास ३५ ग्रॅम ह्या हिशेबानें मीठ घालतात. म्हणजे सगळ्या पेटींत तें बारा किलोच्या आसपास झालें. हें मीठ स्वयंपाकाचें नव्हे. समुद्राच्या पाण्यांत जे जे क्षार असतात ते सर्व त्यांत मोजून मिसळलेले असतात. बाहेर बर्फ पडत असतां आंत पाण्याची उष्णता पंचवीस-सव्वीस अंश ठेवावी लागे. खडकांवर हिरवीं, जांभळीं, तपकिरी प्रवाळें, आणि त्यांच्यामधून नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या क्लाउन माशांची जोडी हिंडत असे. हें सर्व त्या मुलानें चार वर्षे स्वतःच्या हातांनीं जोपासलें होतें.

प्रवाळ हा प्राणी असला तरी त्याची राहणी बरीचशी झाडासारखी. त्याच्या शरीरांत अतिसूक्ष्म शैवाल वस्ती करून असतें. तें प्रकाशावर अन्न तयार करतें आणि त्यांतला मोठा वांटा घरमालकास देतें. प्रकाश तुटला कीं दोघांचीही उपासमार. हें मला नातवानेंच समजावून दिलें, आणि द्राक्षाच्या पानावर भुरी पसरली म्हणजे घडांत साखर कां भरत नाहीं, हें ज्यानें जन्मभर पाहिलें त्याला तें समजण्यास वेळ लागला नाहीं.

एके दिवशीं दुपारीं मुलानें मला हांक मारली. "आजोबा, जरा भिंग घेऊन या." खडकाच्या उजेडाकडील बाजूस विटकरी रंगाचे ठिपके दिसत होते. गंज चढावा तसे. भिंगांतून पाहतां ठिपके सरकत होते! प्रत्येक तिळाएवढा, कागदासारखा चपटा, आणि मागच्या बाजूस शेपटीचीं दोन-तीन टोंकें. मित्राकडून आणलेल्या एका प्रवाळाच्या तुकड्याबरोबर हे आले असावेत, असें तो म्हणाला. प्रथम दहा-वीस दिसले होते. आतां दोन प्रवाळांचें अंग त्यांनीं गोधडीसारखें झांकून टाकलें होतें.

ह्या प्राण्यांस छंदी लोक चपटकृमीच म्हणतात. शास्त्रज्ञ मात्र अलीकडे त्यांना खऱ्या चपटकृमींहून निराळ्या गटांत घालूं लागले आहेत. मौज अशी कीं ते प्रवाळास चावत नाहींत. त्यांच्याही पोटांत शैवाल असतें, म्हणून ते ऊन खात बसतात, आणि ज्याच्यावर बसतात त्याचें ऊन बंद होतें. त्यांची वाढ अंड्यांची वाट पाहत नाहीं. एकाच्या मागील भागास अंकुर फुटतो, तो सुटतो, कीं दुसरा तयार. द्राक्षबागेंत मिलीबग ज्या चपळाईनें वाढतो तीच ही चपळाई.

चपटकृमींची ओळख आमच्या मुलखास अगदींच नाहीं असें नव्हे. नांदूर मध्यमेश्वराच्या पाणथळ कांठीं मेंढ्या चारणारा धनगर पर्णकृमीचें नांव ऐकून असतो; तो मेंढीच्या यकृतांत शिरतो, आणि त्याचें बालपण गोड्या पाण्यांतील शंखांत जातें. कोंकणांत रत्नागिरी जिल्ह्यांतील गिमवी गांवीं तर मनुष्यास पीडा देणारा असाच एक शंखवासी कृमी असल्याची नोंद १९५२ सालीं गाडगीळ व शहा ह्या डॉक्टरांनीं केली. नातवास हें सांगितलें तेव्हां त्यानें गिमवी नकाशावर शोधून काढलें, आणि मग थोडा वेळ आपल्या पेटीकडे संशयानें पाहिलें.

इकडे घरांत प्रकरण गंभीर झालें होतें. मुलीनें बजावलें, "महिना अखेरपर्यंत हें स्वच्छ झालें नाहीं तर पेटी विकून टाकायची." पेटीच्या विजेचा व मिठाचा खर्च तीच सोशीत होती, तेव्हां तिचें बोलणें अन्यायाचें म्हणतां येईना. मुलगा उतावीळ झाला. बाजारांत ह्या किडीचें औषध मिळतें. मेंढ्यांना जंतावर देतात तें लेव्हामिसोलही कित्येक जण वापरतात. सगळी बाटली ओतून एका रात्रींत निकाल लावावा असा त्याचा बेत होता.

परंतु ह्या किडीचा स्वभाव असा आहे कीं तिचें अंग विषारी असतें, आणि मरतां मरतां तें विष ती पाण्यांत सोडते. दहा-वीस मेल्या तर कांहीं बिघडत नाहीं. हजारों एकदम मेल्या तर औषधानें नव्हे, त्या विषानें मासे तडफडून मरतात. म्हणजे शत्रूची संख्या आधीं हातांनीं कमी करावयाची आणि मग औषध. आजोबा-नातवाचा ह्यावर एक सबंध संध्याकाळ वाद झाला. शेवटीं क्लाउन माशांतील नर खडकाखालीं घातलेल्या अंड्यांवर पंखानें वारा घालीत होता, तिकडे मीं बोट केलें. तो कांहीं बोलला नाहीं. पण बाटली कपाटांत गेली.

दुसऱ्या दिवसापासून आमचें काम सुरू झालें. बोरूएवढी जाड रबरी नळी, खालीं बादली, बादलीच्या तोंडावर दाट कापड. कीड कापडावर अडके, खारें पाणी खालीं उतरे, आणि तेंच पुन्हां पेटींत जाई. नाहींतर दररोज नवें मीठ कोठून आणावें? प्रकाश प्रखर असतांना कीड उघड्यावर येऊन बसते व जेथें पाणी संथ तेथें दाटते, हें दोन दिवसांत ध्यानांत आलें. म्हणून मुलगा शाळेंतून येईपर्यंत दिवे मंद ठेवूं लागलों आणि तो आल्यावर पूर्ण लावूं लागलों. पहिल्या दिवशीं दीडशेंपर्यंत मोजून पुढें मोजणें सोडून दिलें. पाण्याचा पंप फिरवून संथ कोपऱ्यांतही प्रवाह नेला. माशांचें अन्नही निम्मे केलें, कारण उष्टें फार राहिलें तर खालचें सर्व प्राणिजगत फोंफावतें.

कीड खाणारे प्राणीही आहेत. सहा रेघांचा एक चिमुकला मासा कधीं खातो, कधीं ढुंकून पाहत नाहीं. निळ्या मखमलीसारखी एक समुद्रगोगलगाय मात्र हीच कीड खाते, दुसरें कांहीं खात नाहीं. दुकानदार ती देण्यास तयार होता. "पण कीड संपली कीं ती उपाशी मरेल ना?" मुलानें विचारलें. होय, असें उत्तर आलें. त्यानें ती घेतली नाहीं. माझ्या मतें हा निर्णय त्यानें घेतला तो व्यवहाराच्या विरुद्ध होता, आणि मला त्याचा फार आनंद झाला.

अठरा दिवसांनीं खडकावर मोजके ठिपके उरले. मग औषधाचा दिवस ठरविला. आदल्या रात्रीं शंभर लिटर खारें पाणी कालवून, कोमट करून पिंपांत ठेवलें. विष शोषून घेणारा कोळसा पिशवींत भरून तयार ठेविला. औषध पाण्यांत पडतांच अर्ध्या तासांत उरलेली कीड वळवळत खडकावरून सुटूं लागली. ती तरंगतांच आम्ही नळीनें ओढून घेत होतों. मासे कांहीं वेळ जोरानें श्वास घेऊं लागले. तेव्हां मुलगा माझा हात धरून उभा होता. लगेच कोळसा लाविला व पिंपांतील पाणी बदललें. रात्रीं नऊ वाजतां नर पुन्हां अंड्यांपाशीं होता. आठवड्यानें तोच प्रयोग पुन्हां केला. कारण एखादी फटींत दडलेली राहिली तर सर्व श्रम वायां.

ही कीड त्यांतल्या त्यांत सोपी. झुडपासारख्या शाखा असलेल्या प्रवाळाचें मांस खाणारा दुसरा एक चपटकृमी आहे. तो प्रवाळाच्याच रंगाचा असल्यामुळें दिसत नाहीं, आणि बुंध्याशीं अंडीं घालतो त्यांवर औषध चालत नाहीं. त्याला शास्त्रीय नांव मिळालें तें २०११ सालीं, तेंही काचेच्या पेट्यांतील नमुन्यांवरून. खऱ्या समुद्रांत, ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळभिंतीवर, तो सांपडल्याचें २०१२ सालीं प्रसिद्ध झालें. घरांत आधीं व रानांत मागाहून सांपडलेली अशी कीड मीं दुसरी ऐकलेली नाहीं.

कीड रोपाबरोबर येते, हें शेतकऱ्यास सांगावें लागत नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत फ्रान्सच्या द्राक्षबागा उद्ध्वस्त झाल्या, त्या अमेरिकेंतून आणलेल्या वेलींबरोबर गेलेल्या एका मव्यासारख्या किडीनें. आमच्याकडे कांद्याचें रोप लावण्यापूर्वी मुळें औषधाच्या पाण्यांत बुडवितात. नातवास मीं तेंच सांगितलें, आणि छंदी लोकांतही तशीच रीत आहे असें त्यानें वाचून काढलें: नवें प्रवाळ आधीं औषधी पाण्यांत बुचकळावयाचें, हलवावयाचें, मग निराळ्या लहान पेटींत कांहीं आठवडे ठेवावयाचें.

एक गोष्ट येथील मुलांसाठीं सांगतों. मालवणच्या किनाऱ्याजवळही जिवंत प्रवाळें आहेत. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें २००१ सालापासून प्रवाळांस वाघासारखेंच संरक्षण दिलें आहे. सहलीस गेलांत तर पाण्यांत वांकून पाहा. तुकडा मात्र खिशांत घालूं नका.

मीं निघालों त्या आठवड्यांत मुलीनें पेटी विकण्याचा विषय काढला नाहीं. उलट स्वयंपाकघरांतील एक जुनी काचेची बरणी तिनें आपण होऊन मुलाला दिली. तींत सध्यां एक हिरवें प्रवाळ सहा आठवड्यांची मुदत भरीत आहे, आणि रोज रात्रीं विजेरी घेऊन त्याची झडती होते.