परत आलेलं विमान

फौजी माणसानं छंद निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. सगळा पसारा एका काळ्या पेटीत मावला पाहिजे आणि मूव्ह ऑर्डर हातात पडल्यावर तासाभरात आवरता आला पाहिजे. प्लास्टिकची छोटी विमानं जोडण्याचा माझा छंद या दोन्ही कसोट्यांना उतरतो. सुरुवात एनडीएतल्या एअरोमॉडेलिंग क्लबात बाल्सा लाकडाच्या विमानांनी झाली. पुढे विमानं उडवायला मैदान मिळेना आणि वेळही, तेव्हा न उडणाऱ्या विमानांकडे वळलो. त्यांना एक टेबल, एक दिवा आणि बऱ्यापैकी सहनशील कुटुंब एवढंच लागतं.

सध्या मुक्काम तंजावूर. एनसीसीचं पोस्टिंग आहे. घर राजवाड्याच्या मागच्या गल्लीत. गच्चीवरून राजवाड्याचं कूडगोपुर दिसतं. हा सुमारे १९० फूट उंचीचा मनोरा १८५५ पर्यंत, म्हणजे भोसल्यांचं राज्य संपेपर्यंत, शस्त्रागार होता. आता तिथे पारवे आणि पर्यटक. शस्त्रं गावाबाहेर सरकली आहेत. तिथल्या हवाई तळावर जानेवारी २०२० पासून २२२ स्क्वाड्रन, ‘टायगरशार्क्स’, सुखोई-३० घेऊन बसलं आहे. सकाळी ती उडाली की घरातली भांडी वाजतात.

गेल्या पावसाळ्यात वडील आमच्याकडे राहायला आले. आई गेल्यानंतर साताऱ्याकडच्या घरात ते एकटेच होते. बोलणं कमी झालं होतं. पेपर वाचायचे, गच्चीवर बसायचे. पण सुखोई गेलं की पेपर खाली यायचा आणि आवाज विरेपर्यंत मान वर राहायची. बाबा हवाई दलात एअरफ्रेम फिटर होते. १९७१ साली वयाच्या तेविसाव्या वर्षी ते नॅटच्या एका स्क्वाड्रनमध्ये होते. घरात या विषयावर ते फारसं कधी बोलले नाहीत. आम्ही लहानपणी ‘बाबा, तुम्ही युद्धात काय केलंत?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं, ‘नट-बोल्ट आवळले.’

म्हणून मी नॅटचं किट मागवलं. इथे एक अडचण असते. बाजारात सहज मिळणारं नॅट हे बहुधा दोन आसनांचं प्रशिक्षण विमान असतं, ब्रिटनच्या रेड ॲरोज पथकाच्या लाल रंगातलं. आपल्याकडे लढलं ते एका आसनाचं, आकारानं त्याहून लहान. ब्रिटिशांनी ते बनवलं, पण त्यांच्या स्वतःच्या हवाई दलानं लढाऊ म्हणून कधी घेतलं नाही. घेतलं मुख्यतः आपण आणि फिनलंडनं. आपली बहुतेक नॅट बंगळूरला एचएएलमध्ये बनली. या एका आसनी विमानाचं १:७२ प्रमाणातलं किट शोधायला मला दोन महिने लागले.

हे १:७२ प्रमाण नव्या वाचकांसाठी सांगतो. सहा फूट म्हणजे ७२ इंच, त्यामुळे सहा फुटी माणूस या मापात बरोबर एक इंचाचा होतो. नॅटच्या पंखांचा पसारा साधारण २२ फूट, तो मॉडेलमध्ये सव्वानऊ सेंटीमीटर होतो. गच्चीवरून जाणारं सुखोई लांबीला जवळपास २२ मीटर. बाबांना हे आकडे सांगितले तेव्हा ते म्हणाले, ‘नॅटला शिडी लागायची नाही. जमिनीवर उभं राहून सगळं काम व्हायचं. म्हणून तर इतक्या लवकर परत वर जायचं ते.’ त्या महिन्यातलं त्यांचं हे सर्वांत लांब बोलणं.

मग ते रोज संध्याकाळी टेबलाशी येऊन बसू लागले. हात थरथरतो, त्यामुळे चिमटा धरता येत नाही. पण बोटांना अजून कळतं. पंख धडाला चिकटवून पॉलिश पेपर मारला की मी मॉडेल त्यांच्या हातात द्यायचो. डोळे मिटून अंगठा सांध्यावरून फिरवायचे. ‘इथे आहे अजून.’ भिंग लावून पाहिलं की खरंच केसभर फट असायची.

नॅटला नाकाखाली एक चाक आणि पोटाखाली दोन. अशा मॉडेलचं नाक हलकं राहिलं तर ते शेपटीवर बसतं, म्हणून धड बंद करण्याआधी नाकात वजन भरतात. मी गळाला लावायचे शिशाचे मणी आणले. बाबांना वजनाची कल्पना पटली, पण अंदाज नाही. राजवाड्याच्या रस्त्यावर डोलणाऱ्या बाहुल्या मिळतात, तंजावूरची प्रसिद्ध तलैयाट्टी बोम्मै. कितीही आडवी पाडा, उठून उभी राहते, कारण बुडाला जड माती असते. बाबा एक बाहुली घेऊन आले आणि तासभर तिला बोटानं ढकलत बसले. मग म्हणाले, ‘वजन किती यापेक्षा कुठे, हे महत्त्वाचं. अगदी टोकाला भर, कमी लागेल.’ तसं केलं. कमी लागलं.

धड बंद करण्याआधी त्यांनी मला थांबवलं. टेबलावरची हत्यारं मोजायला लावली. चाकू दोन, चिमटे दोन, कानशी तीन, ब्रश चार. मग धडाचे दोन्ही भाग कानाशी धरून हलवले. आत काही खुळखुळत नाही ना? लाईनवर एक पाना जरी कमी भरला तरी विमान उडत नसे. तो सापडेपर्यंत सगळे रांगत शोधायचे. सुटलेला पाना कंट्रोलच्या दांड्यात अडकला तर वैमानिक वर काय करणार? त्या दिवसापासून आमचा नियम झाला, रोज रात्री दिवा मालवण्याआधी हत्यारांची गिनती. फौजेत हत्यारं मोजण्यात माझी वीसेक वर्षं गेली आहेत. वडिलांच्या देखरेखीखाली चिमटे मोजताना मात्र पोटात वेगळंच काहीतरी व्हायचं.

खरा वाद रंगावर झाला. मॉडेल करणाऱ्यांमध्ये विमान मळवण्याला मोठा मान आहे. तेलाचे ओघळ, उडालेला रंग, धुराची काजळी हे सगळं पातळ रंगांनी आणि कोरड्या ब्रशनं करतात. चांगलं मळवलेलं विमान युद्धातून आल्यासारखं दिसतं. हिरवा-करडा रंग वाळल्यावर मी पंखाच्या मुळाशी तेलाचा पहिला ओघळ ओढला. बाबा ताडकन म्हणाले, ‘हे काय? हे विमान लाईनवर कुणाच्या सहीनं आलं?’

मी युद्धातली छायाचित्रं दाखवली. त्यांनी ती नीट पाहिली आणि म्हणाले, ‘ही बाहेरून आलेल्या माणसानं काढलेली. आम्ही रात्री पुसायचो.’ मग फॉर्म ७०० बद्दल बोलले. प्रत्येक विमानाची ती वही. इंजिनवाला, एअरफ्रेमवाला, इलेक्ट्रिकल, तोफांचा माणूस, प्रत्येकानं आपापल्या कामाखाली सही करायची आणि शेवटी वैमानिकानं सही करून विमान ताब्यात घ्यायचं. ‘तो सही करताना वाचायचासुद्धा नाही कधीकधी. आमच्याकडे बघायचा आणि सही करायचा. विमान परत येऊन चाकं टेकेपर्यंत आपली सही पोटात टोचत राहायची. एकानं विचारलं होतं मला, जेवला नाहीस का? तेव्हा वरती चार गेली होती.’

‘परत आली?’

‘चारही.’ थोड्या वेळानं म्हणाले, ‘त्या दिवशी.’ पुढे मी विचारलं नाही.

मी पायदळाचा माणूस. आम्ही विमानं खालून पाहतो. नॅटची आमच्याकडे सांगितली जाणारी गोष्ट आहे बोयराची. २२ नोव्हेंबर १९७१, युद्ध अजून जाहीर व्हायचं होतं. डमडमहून २२ स्क्वाड्रनची चार नॅट उडाली. वैमानिक मॅसी, गणपती, लाझरस आणि सोआरेझ. पाकिस्तानच्या सेबर विमानांशी गाठ पडली आणि दोन सेबर वैमानिक पॅराशूटनं आपल्याच सैन्याच्या हद्दीत उतरले. त्यातला एक, परवेझ मेहदी कुरेशी, पुढे पाकिस्तानचा हवाई दल प्रमुख झाला. त्याला जमिनीवर पकडलं ते ४ शीखच्या कॅप्टन पनाग यांनी, जे पुढे आपले लेफ्टनंट जनरल झाले. या गोष्टीत सगळ्यांची नावं आहेत, वरच्यांची, खालच्यांची, शत्रूचीसुद्धा. त्या दुपारी डमडमला चार फॉर्म ७०० वर सह्या करून आकाशाकडे बघत कोण उभे होते, हे मी आजवर कधी विचारलं नव्हतं.

एका रविवारी बाबांना बृहदीश्वराच्या देवळात नेलं. सरफोजीराजांनी १८०३ साली तिथे भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरून घेतला आहे. बाबा बोटानं अक्षरं लावत बराच वेळ चालले. म्हणाले, ‘राजेच आहेत सगळे.’ मग मी त्यांना देवळावरच्या हजार वर्षं जुन्या तमिळ लेखांबद्दल सांगितलं. राजराज चोळानं देवळाच्या सेवेतल्या चारशे नर्तकींची नावं दगडात लिहून ठेवली आहेत, कोणत्या ओळीत कितवं घर यासकट. ते लेख आम्हा दोघांनाही वाचता येत नाहीत. तरी बाबा त्या भिंतीपाशी जास्त वेळ थांबले. ‘हा खरा फॉर्म ७००,’ म्हणाले.

त्या रात्री वाद मिटला. ते म्हणाले, ‘तोफा चालवून आलं असेल तर तोफांच्या तोंडाशी काळं होतंच. तेवढं दाखव. बाकी स्वच्छ. म्हणजे नुकतंच उतरलंय, वैमानिक चहाला गेलाय आणि आम्ही अजून हात लावलेला नाही.’ नॅटच्या दोन ३० मिलिमीटर तोफा हवा आत घेणाऱ्या दोन्ही इनटेकच्या बाहेरच्या कडेत असतात. तिथे मी काजळीचा एकेक बारीक फटकारा दिला. कॅनॉपी उघडी ठेवली, आसन रिकामं. शेपटीवरच्या नंबरासाठी डीकलचे आकडे सुटे कापून बाबांनी सांगितलेल्या क्रमानं लावले. कोणता नंबर ते इथे लिहीत नाही, तो त्यांचा आहे.

तोवर नवरात्र आलं. आमच्या शेजारी तंजावुरी मराठी कुटुंब आहे. घरातल्या आजींची मराठी जुनी, तमिळ हेलाची. पहिल्या दिवशी बाबांना समजायला वेळ लागला, दुसऱ्या दिवसापासून दोघांच्या गप्पा. त्या बाबांना ‘अण्णा’ म्हणतात, जे मराठीतही चालतं आणि तमिळमध्येही. त्यांच्याकडे कोलू मांडतात, म्हणजे पायऱ्यांवर बाहुल्यांची आरास. वर देव, मग संत आणि थोर माणसं, खाली रोजचं जग: लग्नाची वरात, भाजीवाली, धान्याची दुकान मांडून बसलेले चेट्टियार आणि त्यांची बायको. दरवर्षी एक तरी नवी बाहुली हवी. आजी म्हणाल्या, यंदा अण्णांचं विमान.

कुठे ठेवायचं यावर चर्चा झाली. आजींचा मुलगा म्हणाला, वीरांचं विमान आहे, वरच्या पायरीवर शिवाजी महाराजांशेजारी ठेवू. मलाही ते बरं वाटलं. बाबांनी मान हलवली आणि विमान चेट्टियारांच्या दुकानाजवळ ठेवलं. ‘इथे कामाची माणसं आहेत. इथेच बरं आहे ते.’

आपल्याकडे शस्त्रपूजा दसऱ्याला, इथे आदल्या दिवशी, नवमीला. आयुधपूजेला गल्लीतल्या सायकली, रिक्षा, शिवणयंत्रं सगळ्यांना गंध लागलं. आजींनी विमानाच्या नाकाला कुंकवाचा ठिपका लावला. बाबांनी माझ्याकडून चाकू, चिमटे, कानशी, ब्रश मागवून विमानापुढे ओळीनं मांडले आणि मोजले. सगळे होते.

दसऱ्याच्या रात्री कोलू उतरवण्याआधी एक बाहुली झोपवतात. बाबांनी त्यासाठी तयारी करून ठेवली होती: लाल कागदाची दोन इवलीशी झाकणं. थरथरत्या हातानं, पण स्वतःच, त्यांनी ती दोन्ही इनटेकना लावली. ‘रात्री उघडं ठेवत नाहीत,’ म्हणाले.

आता ते गावी परत गेले आहेत. विमान आजींच्या ट्रंकेत बाहुल्यांबरोबर कापसात गुंडाळून आहे. आजींनीच मागून घेतलं. परवा फोनवर बाबांनी विचारलं, पुढच्या वर्षाची बाहुली ठरली का? मी म्हटलं, सुखोई करू का? म्हणाले, ‘विमान झालं. आता माणसं कर. दोन पुरे. एकाच्या हातात पाना, आणि दुसरा वर बघतोय.’

एकेक इंचाची दोन माणसं. कामाला लागलो आहे.