पालथे झोपणाऱ्याची गादी

बियाणे, खते, फवारणी यांवर मी नेहमीच बोलतो. आज गादीवर बोलणार आहे. हसू नका, माझी कंबर त्यापायी मोडायची वेळ आली होती.

मला लहानपणापासून पालथे झोपायची सवय. आईने किती वेळा कुशीवर वळवले, पण पहाटे मी पुन्हा पालथाच. लग्नातली कापसाची गादी होती तोवर काही बिघडले नाही. मग मुलाला पुण्यात नोकरी लागली आणि पहिल्या पगारातून त्याने आमच्यासाठी जाडजूड फोमची गादी आणली. पहिल्या रात्री ढगात निजल्यासारखे वाटले. पंधरवड्यात मात्र सकाळी भिंत धरून उठावे लागू लागले. पोराच्या पहिल्या पगाराची वस्तू, वाईट कसे म्हणायचे? तीन महिने गप्प बसलो.

एके दिवशी शिवारात बोंड फोडून गुलाबी बोंडअळी दाखवायला वाकलो, तो वर उठताच येईना. दोन शेतकऱ्यांनी धरून बांधावर बसवले. डॉक्टरांनी तपासले आणि विचारले, "साहेब, झोपता कसे? कशावर?"

त्यांनी सांगितले ते असे. धडाचा मधला भाग सर्वांत जड. पालथा माणूस मऊ गादीवर निजला की पोट खाली रुतते आणि कंबर झोळ पडलेल्या बाजेसारखी वाकते. रात्रभर तिथे ताण बसतो. त्यात मान एका बाजूला वळलेली. उशी उंच असली तर तीही अवघडते.

म्हणून पालथे झोपणाऱ्याने बेताची टणक गादी घ्यावी. नेहमीसारखे निजून घरच्या माणसाला बाजूने पाहायला सांगावे. छातीपेक्षा पोट खाली गेले, तर गादी फार मऊ. बरगड्या दुखल्या, तर फार कडक. उशी पातळ किंवा नकोच. ओटीपोटाखाली मात्र पातळ घडी ठेवावी. जमेल तसे कुशीवर वळायची सवय लावावी. पायाला मुंग्या येत असतील, पाय लुळा पडत असेल किंवा लघवीवरचा ताबा जात असेल, तर गादी बदलत बसू नये, लगेच दवाखाना गाठावा. आणि तान्ह्या बाळाला झोपवताना नेहमी उताणेच ठेवावे.

माळ्यावरची जुनी गादी सौभाग्यवतीने पिंजाऱ्याकडून पिंजून, भरून घेतली. आत वडिलांच्या शेतातला देशी कापूस होता. वाय-१ सारख्या देशी वाणाचा धागा आखूड आणि जाडाभरडा. बारीक सुताला तो चालत नाही, पण गादीला चांगला. २००२ साली बीटी आली, त्यानंतर आमच्या शिवारात तो फारसा दिसत नाही. चार बोटे जाडीची ती गादी फळीच्या पलंगावर टाकली. महिन्याभरात सकाळी भिंत धरणे सुटले.

दिवाळीला मुलगा आला. सगळे ऐकून म्हणाला, "नाना, आधी का नाही सांगितलंत?" मला उत्तर सुचले नाही. त्याची आई कुशीवर निजते. फोमची गादी तिला मानवली, ती आता तिचीच.

जमीन पाहून बियाणे निवडा, हे मी तीस वर्षे सांगत आलो. गादीचेही तसेच. दुकानात हाताने दाबून पाहू नका. जसे निजता तसे तिच्यावर दहा मिनिटे निजून पाहा, मगच पैसे मोजा.