दूरच्या यंत्राचा कायापालट

ज्या फांदीवर बसावे तीच तोडू नये, हे शहाणपण कालिदासाच्या आख्यायिकेतून आपल्याला बालपणीच मिळते. तथापि एक काम असे आहे की, त्यात ती फांदी तोडण्यावाचून गत्यंतर नसते. तोडण्यापूर्वी दुसऱ्या फांदीवर पाय भक्कम रोवलेला असावा, एवढेच पाहायचे. दूरदेशी चालू असलेल्या सर्व्हरवर इथे बसून नवी कार्यप्रणाली चढविणे, हे ते काम होय. मी व्यवसायाने शिक्षक. परंतु मंडळाच्या गरजेने हे काम माझ्याकडे आले, आणि त्यातून जे उमगले ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

आपल्या मंडळाने जमविलेला ठेवा फ्रान्समधील एका भाड्याच्या सर्व्हरवर आहे. त्यात जाखडीची गाणी आहेत, आज्यांच्या तोंडून ध्वनिमुद्रित केलेल्या ओव्या आहेत, आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थानातील नोंदींवरून जुळविलेल्या घराण्यांच्या वंशावळी आहेत. त्या आज्यांपैकी कित्येक आता हयात नाहीत. त्यांचा आवाज तेवढा तेथे उरला आहे. या सर्व्हरवर ‘सेंटओएस ७’ ही लिनक्सची प्रणाली चालत असे. तिचा आधारकाळ ३० जून २०२४ रोजी संपला. त्यानंतर तिच्यात आढळणाऱ्या दोषांची दुरुस्ती होणार नव्हती, आणि असे यंत्र जगाला उघडे ठेवणे म्हणजे कडी मोडलेल्या घरात दागिने ठेवणेच होय.

यंत्र समोरच्या टेबलावर असते तर प्रश्न सोपा होता. परंतु दूरच्या यंत्राला आपल्यापुरता ना पडदा, ना कळफलक. आत जाण्याचा एकच मार्ग म्हणजे ‘एसएसएच’. आणि तो मार्ग खुला ठेवणारा कार्यक्रम त्या जुन्या प्रणालीचाच एक भाग असतो. जुनी प्रणाली पुसली की आपला प्रवेशही पुसला गेला.

यावर उपाय आहेत. काही केंद्रे आपल्या जाळ्यावरून यंत्राच्या मेमरीत एक लहानशी संकटकालीन प्रणाली सुरू करून देतात. काही यंत्रांत देखरेखीसाठी वेगळा छोटा संगणक असतो. मुख्य यंत्र निजले तरी तो जागा राहतो. ‘आयपीएमआय’ हे त्याचे प्रमाण १९९८ पासून आहे. आमच्या भाड्यात यांपैकी एकही सोय नव्हती. लिनक्समध्येच २००५ साली ‘केएक्सेक’ ही युक्ती आली. तिच्या योगे चालू गाभाच दुसऱ्या गाभ्याला थेट जागे करतो, आणि सारी प्रणाली मेमरीत उतरवून डिस्क मोकळी करता येते. परंतु आमच्या यंत्राची मेमरी त्या मानाने तोकडी होती.

म्हणून आम्ही दुसरी फांदी निवडली. मेमरी अपुरी पडल्यास उपयोगी यावा म्हणून डिस्कवर ‘स्वॅप’ नावाचा एक भाग राखलेला असतो. यंत्रावरील इतर सेवा थांबवून तो भाग रिकामा केला आणि ‘डीबूटस्ट्रॅप’ या साधनाने तेथे डेबियन १२ ची लहानशी प्रणाली वसविली. जुनी प्रणाली शेजारी जशीच्या तशी होती. तत्पूर्वी साऱ्या ठेव्याच्या दोन प्रती इकडे उतरवून घेतल्या होत्या आणि प्रत्येक संचिका मुळाशी ताडून पाहिली होती.

येथे एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. जुन्या प्रणालीत यंत्राच्या जाळेपत्त्याला, म्हणजे नेटवर्क कार्डाला, एक नाव असते. नवी प्रणाली त्याच कार्डाला वेगळेच नाव देऊ शकते. मग यंत्र पूर्ण जागे असूनही मुके राहते. म्हणून नावावर विसंबू नये. कार्डाला कारखान्यातच मिळालेल्या क्रमांकावरून ते ओळखावे. हे लिहिताना मला आपल्या पूर्वजांच्या नोंदवह्या आठवतात. कारकुनाने जसे ऐकले तसे नाव लिहिले. एकाच माणसाचे नाव दोन कागदांवर दोन तऱ्हांनी आढळते. वंशावळी जुळविताना आपल्याला हात दिला तो प्रत्येक आप्रवाशाला मिळालेल्या क्रमांकाने.

आता उरली परतीची वाट. कोणती प्रणाली उठवायची हे ठरविणारा द्वारपाल म्हणजे ‘ग्रब’. त्याला सांगितले, की नवी प्रणाली फक्त एकदाच उठव. पुढच्या खेपेस पुन्हा जुनीच. नव्या प्रणालीला बजावले, की गाभा अडखळला तर साठ सेकंदांनी यंत्र पुन्हा सुरू कर. आणि सर्व ठीक दिसले तरी पंधरा मिनिटांत मी आत येऊन ‘थांब’ म्हटले नाही, तर स्वतः होऊन माघारी फीर.

हिवाळ्याच्या शालेय सुटीत एका रात्री ती आज्ञा दिली. संपर्क तुटला. कळ दाबून झाल्यावर माणसाच्या हाती काहीही उरत नाही. जे करायचे ते आधीच करून ठेवलेले असावे लागते. सातव्या मिनिटाला नव्या प्रणालीने उत्तर दिले. मग जुन्या प्रणालीची जागा पुसून तेथे कायमचे डेबियन बसविले, ठेवा परत चढविला, आणि सर्वांत शेवटी स्वॅपचा भाग पूर्ववत केला. दुसऱ्या दिवशी दुपारी ओव्या पुन्हा ऐकू येऊ लागल्या.

डेबियन १२ चा दीर्घकालीन आधार जून २०२८ मध्ये संपेल, आणि तोवर कुणाला तरी हे काम पुन्हा करावे लागेल. यासाठी सारा क्रम मराठीत लिहून बैठकेच्या कपाटात ठेवला आहे, आणि प्रवेशाच्या किल्ल्या दोन तरुण विद्यार्थ्यांनाही दिल्या आहेत. पुढच्या खेपेस कळ त्यांनी दाबावी आणि मी शेजारी बसून मिनिटे मोजावी, अशी माझी इच्छा आहे.