विहिरीचा दोर, शिडाचा दोर

पारनेर तालुक्याचा आणि समुद्राचा संबंध तो काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वसलेला हा मुलूख. पावसाची वाट पाहण्यात येथील कित्येक पिढ्या सरल्या. निघोजजवळ कुकडीच्या पात्रातील रांजणखळगे पाहावयास दुरून लोक येतात, पण शिडाची होडी काही या तालुक्यात पाहावयास मिळत नाही. मात्र ज्या वस्तूच्या बळावर शीड उभे राहते, तो दोर येथे घरोघरी होता.

मोटेच्या काळात विहिरीवर दोन दोर लागत. चाकावरून जाणारा जाड नाडा मोट वर खेची आणि कण्यावरून सरकणारा बारीक सोंदूर तिची सोंड ओढून धरी. नाडा तुटला तर मोट विहिरीत जाई आणि बैलांसह माणूसही धोक्यात येई. हे दोर वळण्याचे काम गावगाड्यात मातंग समाजाकडे असे. बांधावरचे घायपात कापावयाचे, पाने पाण्यात कुजवावयाची, बडवून वाख काढावयाचा, तो वाळवून त्याचे पदर वळावयाचे. प्रत्येक पदराला पीळ एका दिशेने आणि सगळे पदर एकत्र वळताना उलट दिशेने. म्हणजे दोन्ही पीळ एकमेकांस सुटू देत नाहीत. कुजक्या वाखाची दुर्गंधी हातांना दिवसच्या दिवस चिकटून राही. गावाने दोर घेतला, पण तो वळणाऱ्या हाताला मान दिला नाही, हे कटू सत्य आहे.

आमच्या ओळखीच्या अशाच एका कुटुंबातील मुलगा मुंबईस गेला आणि एका नौकानयन केंद्रात होड्यांच्या देखभालीच्या कामास लागला. त्याच्या लग्नाच्या वेळी आम्ही चौकशीचा अर्ज भरीत होतो. वडिलांच्या व्यवसायाचा रकाना आला तेव्हा म्हातारे खाली मान घालून म्हणाले, “फादर, शेतमजूर लिहा. दोर वळतो म्हणून नका लिहू.” आम्ही त्यांच्या इच्छेप्रमाणे लिहिले, परंतु तो शब्द आमच्या मनात सलत राहिला.

पुढे एका हिवाळ्यात मुंबईस जाण्याचा योग आला. आम्ही म्हाताऱ्यांना बरोबर घेतले. शिडांच्या शर्यतींना मुंबईत जुनी परंपरा आहे. रॉयल बॉम्बे यॉट क्लबची स्थापना १८४६ सालची. १९८२ च्या आशियाई स्पर्धा दिल्लीत झाल्या, तरी शिडाच्या होड्यांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या आणि तेथे फायरबॉल वर्गात फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक मिळवले. अशा विजयाच्या बातमीत होडी सज्ज करणाऱ्या हातांचा उल्लेख सहसा नसतो.

मुलाने आम्हांस ‘फोर सेव्हन्टी’ वर्गाची होडी दाखवली. तिची लांबी ४.७० मीटर, त्यावरूनच हे नाव. दोन खेळाडूंपैकी एक जण कमरेचा पट्टा तारेस अडकवून होडीबाहेर लटकतो आणि आपल्या भाराने तिचा तोल सांभाळतो. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारांत बहुधा १९ पोलादी धागे असतात: मध्ये एक, त्याभोवती सहा, त्याभोवती बारा. धागा तुटतो तो बहुधा टोकाशी, जेथे तार धातूच्या नळीत दाबून बसवलेली असते तेथे. मुलगा तारेवरून कापसाचा बोळा फिरवीत होता. तुटलेला धागा कापूस पकडतो. बोट फिरवले तर बोट फाटते. एक धागा तुटला तरी तार बदलावयाची, असा त्याचा नियम. जोडकडीतील पिन बोटाच्या पेराएवढी, पण ती निसटली तर सारी डोलकाठी आडवी होते. म्हणून प्रत्येक पिनेच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळलेली होती.

दोरही आता वाखाचे राहिले नाहीत. डायनीमा नावाचा कृत्रिम धागा त्याच वजनाच्या पोलादाहून कितीतरी अधिक ताण सोसतो आणि पाण्यावर तरंगतो. परंतु तो सुमारे १५० अंश सेल्सिअसला वितळतो आणि इतका गुळगुळीत असतो की साधी गाठ त्यावर टिकत नाही. शिवाय गाठ मारली की कोणत्याही दोराचे बळ बरेच घटते. म्हणून दोराचे टोक त्याच्याच पोकळ विणीत खोलवर ओवून सांधा करतात. ताण वाढेल तसतशी वीण आतल्या टोकाला अधिक घट्ट आवळते. म्हातारे हे निरखून पाहत होते. “आम्ही दावं सांधायचो ते असंच. पदरात पदर घालून,” ते म्हणाले.

मग त्यांनी शेजारच्या सरावाच्या होडीवरील शीड चढवण्याचा दोर हाती घेतला आणि डोळे मिटून तो बोटांतून सरकवू लागले. एका जागी हात थांबला. “इथं आतून मेलाय.” वरचे वेष्टण धड होते. मुलाने तेथे दाबून पाहिले. गाभा पिचलेला होता. दोर नेमका त्याच जागी डोलकाठीच्या माथ्यावरील चाकावरून वळत असे. “आबा, ही जागा माझ्या नजरेतून सुटली असती,” मुलगा म्हणाला. त्याने तो भाग कापून टाकला. उरलेला दोर पुरेसा लांब होता; तो त्याने उलटा करून ओवला, म्हणजे पुढील झीज निराळ्या जागी पडेल. तेथे उभ्या असलेल्या तरुण खेळाडूंनी म्हाताऱ्यांना बसावयास खुर्ची दिली.

उत्तम दोरही समुद्रापुढे कधी हरतो. २१ सप्टेंबर २०१८ रोजी गोल्डन ग्लोब या एकट्याने करावयाच्या जागतिक शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरातील वादळाने अभिलाष टॉमी यांच्या ‘थुरिया’ची डोलकाठी मोडली. ही होडी गोव्यात बांधलेली. पाठीला जबर इजा झालेल्या टॉमींची तीन दिवसांनी सुटका झाली. तेच टॉमी पुढे २०२३ साली याच शर्यतीत दुसरे आले. वादळ माणसाच्या हाती नाही. निघण्यापूर्वी प्रत्येक सांधा तपासणे तेवढे हाती आहे. याकोब आणि योहान यांना हाक आली तेव्हा तेही होडीत बसून जाळी नीट करीत होते.

पारनेरात आता मोटा नाहीत. पोळ्याला बैलांच्या गळ्यात नायलॉनचे रंगीत दोर दिसतात. वाखाला पूर्वीची मागणी राहिली नाही आणि ती परत यावी असा आमचा आग्रहही नाही, कारण त्या कामात कष्ट फार आणि मोबदला थोडा होता. परंतु बोटांतील जाण ही व्यवसायाहून मोठी असते. ती वाखावरून डायनीमावर जाऊ शकते, घायपाताच्या बांधावरून बंदरावर जाऊ शकते. फक्त ती ज्याच्यापाशी आहे त्याला तिची लाज वाटता कामा नये. आपल्या घरातही अशी जाणती बोटे असतील: कोणाची शिवणाची, कोणाची गवंडीकामाची, कोणाची दोराची. मुलांना त्यांच्याजवळ बसवा. आणि कोठे अर्ज भरताना व्यवसायाचा रकाना आला, तर खरा व्यवसाय स्वच्छ अक्षरांत लिहा.